गावाखालची रेघ

मंगोने पत्र पुढे केलं. लिलियसने ते जिन्याच्या खिडकीशी उजेडात धरलं, 'ग्लासगो' या नावाखाली ओढलेली सरळ, ठाम रेघ पाहिली आणि पत्र त्याच्या हातात परत ठेवत म्हणाली, "घेत नाही. परत न्या." एरवी मंगो यावर काहीतरी बोलायचा. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं मिळाली तर राजाचं टपाल बुडालंच म्हणून समजा, असलं काहीतरी. आज तो नुसता उभा राहिला. "नक्की ना, पर्डीबाई?" त्याने विचारलं. "नक्की म्हणजे? आज काय पहिल्यांदा परत करतेय का?" त्यावर त्याने पत्र थैलीच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवलं, न घेतलेली पत्रं तो तिथे ठेवायचा, आणि कॅनडाच्या लढाईत आखडलेला पाय एकेका पायरीवर टेकवत तो गोल जिना उतरून गेला.

ती वर आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. दर खेपेला वाटायचं तसंच. जीव भांड्यात पडायचा आणि मग दिवसभर तो तिथेच पडून असायचा, कामाच्या आड यायचा नाही. बरा आहे. इतकंच तिला हवं असायचं, निदान इतकंच हवं असतं असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं. चुलीवर ओटची पेज रटरटत होती, खाली धरू नये म्हणून तिने पळी घातली आणि ढवळू लागली. बाहीतून मनगट बाहेर आलं तर मनगटावर काळं होतं. तिने ते अॅप्रनच्या टोकाने पुसलं, गेलं नाही. बाहीचा रंग उतरत होता. जुना तपकिरी झगा घाईघाईने काळा रंगवून घेतला होता, रंग पुरता धरला नव्हता, आणि तो का रंगवून घेतला हे तिला मग आठवलं. निनियन, तिचा नवरा, मेला होता. गेल्या आठवड्यात पाद्री स्वतः घरी येऊन, गुडघ्यावर टोपी ठेवून सांगून गेले होते. खाणीच्या मालकाचं पत्र लंडनवरून आलं होतं. कॉर्नवॉलच्या कुठल्याशा खाणीत पंपाचा दांडा तपासायला खाली उतरताना दोर सुटला. तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलं. हे सगळं तिला ठाऊक होतं, आठवडाभर लोक येऊन हात दाबून जात होते, आणि तरी आत्ता तिने त्याची रेघ पाहिली आणि तो बरा आहे म्हणून त्याला परत पाठवलं.

पेज धरली. वास आला तरी ती ढवळत राहिली. पत्र त्याने पडण्याआधी टाकलेलं, ब्रिस्टलच्या आडवाटेने हेलपाटत आलेलं, एवढाच त्याचा अर्थ, हे समजायला फारसं डोकं लागत नव्हतं. पण हाताला कुठे डोकं असतं? सहा वर्षांची हाताची सवय, हात तिच्या आधी बोलून मोकळा झाला होता. आता ते पत्र इतर न घेतलेल्या पत्रांबरोबर कचेरीत जाईल, तिथून एडिंबरोच्या थैलीत, आणि एडिंबरोहून परत ज्याने पाठवलं त्याच्याकडे. ज्याने पाठवलं तो जमिनीखाली. तिने भांडं उतरवलं नाही, शाल घेतली नाही. जिन्यात खालच्या मजल्यावरची बेथिया पायऱ्या झाडत होती. "अगं, अशी उघड्या डोक्याने कुठे निघालीस? लोक काय म्हणतील?" "मंगो कुठल्या बाजूला गेला?" "तो? तो आता ब्रिगेटला, कोळणींच्या इथे. पण तुला त्याच्याकडून काय..." बेथियाचं बाकीचं वाक्य जिन्यातच राहिलं.

सॉल्टमार्केटच्या उतारावर गर्दी होती आणि गर्दीत तिला मंगोची टोपी कुठे दिसेना. धावू नये एवढं भान होतं. विधवा बाई भर सकाळी धावताना दिसली तर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या असत्या. ती भराभर चालत राहिली आणि चालता चालता तिच्या डोळ्यापुढे टेबल आलं, त्यांच्या घरातलं, आणि त्या टेबलावर निनियनचं ओलं बोट. जायच्या दिवशी सकाळी त्याने बिअरच्या मगाखाली साचलेल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर रेघ ओढली होती. "हे बघ. गावाच्या नावाखाली रेघ असली की मी बरा आहे. आत काही नसेल, नुसता कोरा कागद. तू घेऊ नकोस, उगाच टपालाचं हशील कशाला भरायचं. रेघ नसली तर मात्र घे. तर काहीतरी झालंय असं समज." यात काही नवल नव्हतं. जो पत्र घेईल त्याने हशील भरायचं, मग न घेताच खुशाली कळवायची सोय सगळ्यांनीच शोधून काढली होती. कुणी नावाच्या आधी फुली काढायचं, कुणी मोहरेची लाख दोनदा ओतायचं. अर्ध्या ग्लासगोचे नवरे आणि मुलगे असे पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला नांदत होते, आणि मंगोला प्रत्येकाची खूण पाठ होती. तो खाली बोळातूनच ओरडायचा, "पर्डीबाई, रेघ आहे हो." मग जिना उतरायचेही कष्ट नाहीत.

तरी ती उतरायची. हे निनियनला कुणी सांगितलं नसेल. ती उतरायची, पत्र हातात घ्यायची, खिडकीपाशी धरायची, जणू रेघ खरंच आहे का ते तिला पाहायचं असायचं. खरं म्हणजे तिला वजन पाहायचं असायचं. कोरा कागद केवढा असतो ते तिला माहीत होतं, आणि ही पत्रं कधीकधी कोऱ्या कागदाहून जाड वाटायची. इंग्लंडात कागद जाड मिळत असेल, असं म्हणून ती परत द्यायची. फोडून पाहावं असं वाटलं नाही का? वाटलं. दर खेपेला वाटलं. पण फोडलं आणि आत कोरंच निघालं तर? इतक्या दूरवरून माणसाने कोरा कागद पाठवला हे डोळ्यांनी पाहायचं, आणि वर त्याचे पैसे भरायचे. त्यापेक्षा लाखेच्या आत काय असेल ते असो. आणि काही लिहिलेलं निघालं असतं तर ते काय असणार याचीही तिला कल्पना होती. त्या भीतीने तिचा हात फार चटकन पुढे व्हायचा. परत न्या.

ब्रिगेटला कोळणी हेरिंगच्या टोपल्यांमागे बसल्या होत्या. "मंगो? येऊन गेला की. माझ्या लेकाचं पत्र आणलं मेल्याने, म्हणतो फुली नाहीये, घ्यावं लागेल. वाचून दाखवलं तर काय, तर लग्न ठरवलंय पोराने, ग्रीनॉकच्या पोरीशी. त्यापेक्षा पाय मोडला असता तर बरं." शेजारच्या दोघीतिघी हसल्या, मग लिलियसची काळी बाही पाहून गप्प झाल्या. पहिलीने हात अॅप्रनला पुसले. "तो ट्रॉनगेटकडे गेला, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "जा, सापडेल. पाय आखडलाय त्याचा, फार लांब नसेल गेला."

पाय आखडलेल्या माणसाला गाठता येत नाही, याची तिला लाज वाटली. ती क्लाइड नदीकडे पाठ करून परत चढण चढू लागली. उजव्या हाताला तो बोळ आला, ज्याच्या तोंडाशी डॉक्टरची पाटी होती. अजून होती. सात वर्षं ती या बोळावरून जाताना डावीकडे पाहत आली होती, आज घाईत तिने उजवीकडे पाहिलं. इथेच निनियनला त्यांच्या लेकीला, ग्रिझेलला, देवी टोचायला न्यायचं होतं. त्याने आधी सगळी चौकशी केली होती, टाचणीने दंडावर कसं ओरखडायचं, बारीकसा ताप कसा येतो, शंभरात किती पोरं दगावतात आणि न टोचलेल्यांपैकी किती. तो पंपाबद्दल बोलायचा त्याच सुरात हे सगळं बोलला. "शंभरात दोन, लिलियस. आणि नाही टोचलं तर सहा-सातांतलं एक. हे काही मी म्हणत नाही, हिशेब म्हणतोय." आणि तिची आई कोपऱ्यातून म्हणाली होती, "ज्या दोघांना मारशील त्यांच्यातली एक आपली निघाली तर तो हिशेब कुणाला दाखवशील रे?" आई जुन्या कडक पंथाची. देवाने धाडायच्या आधीच देवी आपण होऊन मागून घ्यायच्या, पोरीच्या दंडात पेरायच्या, याला ती देवाच्या हातावर हात मारणं म्हणायची. लिलियस आईसारखी कडक नव्हती. देव काय म्हणेल याची तिला तितकी पर्वा नव्हती. तिला भीती वेगळीच होती. धडधाकट, टेबलाखाली गाणं म्हणत बसलेल्या पोरीला आपल्या हाताने उचलायचं आणि आजाराकडे घेऊन जायचं, हे तिच्या हातांना जमणार नव्हतं. "नाही," ती म्हणाली होती. "माझ्या पोरीला कुणी हात लावायचा नाही." निनियनने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तो भांडला नाही. तो कधीच भांडायचा नाही.

पुढच्या वसंतात ग्रिझेलला देवी आल्या. डोळे मिटले ते उघडलेच नाहीत, म्हणजे मरायच्या आधीच तिला दिसेनासं झालं होतं, आणि ती विचारायची, अजून रात्रच का आहे. निनियन तिला सांगायचा, उजाडेल आता. पाचव्या वर्षात होती. ती गेल्यावर लिलियस वाट पाहत बसली, की तो आता म्हणेल. एकदाच म्हणेल, मी सांगितलं होतं. ताट फेकेल. तिच्या आईला घराबाहेर काढेल. एखाद्या रात्री तरी पाठ फिरवून झोपेल. त्याने तोंडातून ब्र काढला नाही. त्याने पोरीचं लाकडी घोडं गुंडाळून पेटीत ठेवलं, आणि तो कारखान्यात जाऊन आपली पंपाची झडप उघडून बसला, आपोआप मिटणारी झडप, जिच्यापायी पुढे इंग्लंडच्या खाणीवाल्यांनी त्याला बोलावून घेतलं. घरी यायचा, जेवायचा, सूप चांगलं झालंय म्हणायचा. सूप चांगलं झालेलं नसायचं. लिलियसने मुद्दाम खारट करून पाहिलं होतं. तेव्हाही तो चांगलं झालंय म्हणाला, आणि तिला त्या क्षणी त्याचा जसा तिरस्कार वाटला तसा कधी कुणाचा वाटला नव्हता. माणूस शिव्या देतो तेव्हा निदान समोर उभा तरी असतो. हा शिव्या न देता निघून चालला होता, आणि कॉर्नवॉलचं बोलावणं आलं तेव्हा तो निघून गेला एवढंच. रेघेची युक्ती त्याने काढली तेव्हा तिला कळलं होतं की हशील हे निमित्त आहे. लिहावं लागू नये म्हणून तो ही सोय करतोय. आणि तिनेही लगेच हो म्हटलं होतं, कारण वाचावं लागणार नव्हतं. दोघांनी मिळून इतकी चांगली व्यवस्था संसारात दुसरी कुठली केली नव्हती.

ट्रॉनगेटला तंबाखूचे व्यापारी लाल झगे घालून आपल्या फरसबंदीवरून येरझारा घालत होते. त्या फरशीवर त्यांच्याशिवाय कुणी पाय ठेवत नसे. काम असलं तर कडेला उभं राहायचं, आणि त्यांनी काठीने खूण केली की पुढे व्हायचं. लिलियसला फरशीच्या पलीकडे मंगोची टोपी दिसली, कचेरीच्या वळणाशी, आणि ती सरळ लाल झग्यांमधून आरपार गेली. "ए बाई!" कुणीतरी म्हणालं. तिला ऐकू आलं नाही असं नाही. तिला मजाच वाटली, म्हणजे निनियनला सांगितलं तर त्याला किती मजा वाटेल असं वाटलं, आणि एका सकाळीत दुसऱ्यांदा तो तिच्यापुरता मेला.

वळणापर्यंत ती पोचली तेव्हा मंगो कचेरीत शिरला होता. ती आत गेली तर तो थैली रिकामी करून बाकावर पाय चोळत बसला होता, आणि जाळीमागचा म्हातारा कारकून न घेतलेली पत्रं एडिंबरोच्या पिशवीत भरत होता. नाकाला रुमाल, सर्दी झालेली. मंगो तिला पाहताच उभा राहिला. "मला वाटलंच," तो म्हणाला. "म्हणून तर विचारलं मी, नक्की ना म्हणून."

"मग बोलला का नाहीत? ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"अख्ख्या बोळाला ठाऊक आहे, बाई. पण मला वाटलं, सोसवत नसेल तुम्हाला. मेलेल्या माणसाचं पत्र. माझ्या बहिणीने नवऱ्याचे बूट जिन्यात ठेवले होते वर्षभर, आम्ही कुणी बोललो का?" मग तो जाळीकडे वळला. "अहो, ते पर्डीचं पत्र काढा हो बाहेर. बाईंना घ्यायचंय."

"घेत नाही म्हणाल्या होत्या ना?" कारकून म्हणाला. "नोंद झाली."

"आता घेते म्हणतायत."

"लोक एकदा नाही म्हणतात, मग हो म्हणतात. मग पिशवी मी कितीदा उपसायची?" पण तो बोलता बोलता पिशवीत हात घालत होता. पत्र सापडलं. तिने हशील भरलं. आयुष्यात निनियनच्या पत्रासाठी भरलेलं ते पहिलं हशील होतं. मंगो बाकावरून बाजूला सरकला आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहू लागला. तिने लाख मोडली. आत कोरा कागद नव्हता. आत दोन कागद होते, दोन्ही बाजूंनी भरलेले, आणि जागा संपली तिथे कागद आडवा करून पुन्हा लिहिलेलं.

'लिलियस,' त्याने लिहिलं होतं. 'आज पाऊस नाही. पंप नीट चाललाय, झडप चिकटत नाही. तू हे वाचणार नाहीस. तू ते दारातून परत करशील, मग ते एडिंबरोची मोहर लागून इथे येईल आणि मी ते आधीच्या सगळ्यांसारखं पंपाच्या भट्टीत टाकीन. तुझ्या काटकसरीवर माझा इतका विश्वास आहे की मी तुला काहीही लिहू शकतो. पहिल्या वर्षी मी काय काय लिहिलं ते तुला कळलं असतं तर तू मला पुन्हा घरात घेतलं नसतंस. मी लिहिलं की तुझ्या आईच्या देवाने आपली पोर खाल्ली आणि ताट तू वाढलंस. हेच मी कितीदा लिहिलं, दुसरं काही सुचतच नव्हतं. समोर बसून तुला हे बोललो असतो तर तू मेली असतीस, आणि न बोलता तुझ्यासमोर बसणं मला होईना. म्हणून मी आलो इकडे. झडप हे निमित्त.

'या हिवाळ्यात इथे देवीची साथ आहे. ट्रेगियर नावाचा एक खाणकरी आहे, माझ्या हाताखाली, त्याने मला विचारलं, पोराला टोचू का. मी म्हटलं, आजच टोच. तो म्हणाला, तुम्ही तुमच्या पोरीला टोचलं होतं का. मी म्हटलं, बायकोने नको म्हटलं. तो म्हणाला, मग तुमचा पाय मोडला होता का? मी त्याला कामावरून काढायला निघालो होतो. नंतर वर येऊन भट्टीपाशी बसलो. त्या साली शरदात तुझी आई आजारी म्हणून तू तिच्याकडे राहायला गेलीस, आठवतं? ग्रिझेल माझ्यापाशी होती. सगळे दिवस माझ्यापाशी होती. डॉक्टर दोन बोळ पलीकडे. तू आल्यावर चिडली असतीस, रडली असतीस, पण पोर टोचलेली असती. आणि मी गेलो नाही. झडप जवळजवळ जमत आली होती, उद्या नेऊ म्हटलं, पोर पितळेच्या किसाशी खेळत होती. आणि लिलियस, मला बरंही वाटत होतं की तू नाही म्हटलंयस. शंभरातल्या दोघांची मलाही भीती वाटत होती. तू नाही म्हणालीस आणि मला हिशेबवाला शहाणा राहता आलं. तुझ्यावरचा राग मी इतकी वर्षं जपला, कारण तो विझला असता तर त्याच्या मागे हे दिसलं असतं.

'हे आता लिहून झालं. खाडाखोड फार झालीय, आणि हे काही तुझ्यासाठी नाही, हे भट्टीसाठी आहे. हे परत आलं, जळलं, की मी तुला एक नीट पत्र लिहिणार आहे. चांगल्या अक्षरात. त्याच्यात हेच असेल, पण तुला सांगण्यासारखं. मी घरी येऊ का, तेही त्यातच विचारीन. त्याच्यावर रेघ नसेल. रेघ नाही म्हणून तू घाबरशील, पण घाबरू नकोस, ते घे. ते मात्र घे.'

खाली नाव नव्हतं. भट्टीला नाव कशाला.

लिलियस पुन्हा वरून वाचायला लागली आणि 'ताट तू वाढलंस' इथे आली की पुढे जाईना. तिला त्या वाक्याचा राग येत नव्हता. सात वर्षं ती याच वाक्याची वाट पाहत होती, जेवणाच्या टेबलाशी, अंथरुणात, जिन्याच्या खिडकीत, आणि सहा वर्षं ते तिच्या दाराशी येत होतं, जाड कागदात, आणि ती त्याचं वजन करून परत करत होती. तो तिच्यावर ओरडत होता. दर महिन्याला तो शेकडो मैलांवरून तिच्यावर ओरडत होता आणि ती म्हणत होती, बरा आहे. तिला रडू आलं ते ग्रिझेलसाठी नव्हतं, तिच्यासाठीचं रडणं वेगळं असे, त्याची तिला ओळख होती. हे रडणं भट्टीत गेलेल्या पत्रांसाठी होतं. त्यातली एखादी शिवी, एखादं घाणेरडं वाक्यसुद्धा तिला हवं होतं. ते वाचून तीही उलट ओरडली असती. तिच्याकडेही होतं की बोलायला. ती आईकडून परत आली ती दुपार तिला लख्ख आठवत होती. ग्रिझेलचे हात पितळेच्या किसाने सोनेरी झाले होते आणि निनियन चोरासारखा उभा होता, आणि तिने पोरीचे दंड बाह्या वर करून तपासले होते. त्याने नेलं तर नाही ना डॉक्टरकडे, म्हणून. दोन्ही दंड कोरे होते, आणि तिने काय केलं होतं, तर नवऱ्याच्या गळ्यात पडली होती. हे त्याला ठाऊक होतं. पत्रात त्याने हे लिहिलं नव्हतं. एवढं लिहिलं आणि हे मात्र तिच्यासाठी वगळलं, भट्टीला लिहितानासुद्धा.

तिने डोळे पुसले. मनगटाचा काळा रंग गालाला लागला असणार. मग तिने दोन्ही कागद त्यानेच घातलेल्या घड्यांवर घड्या घालून मिटले, लाखेचे दोन तुकडे एकमेकांना लावून अंगठ्याने दाबून धरले आणि बराच वेळ तसेच धरून बसली. बाकावरून उठून ती जाळीपाशी गेली. "हे परत घ्या," ती म्हणाली.

कारकुनाने पत्र उलटून पाहिलं. "हे फोडलंय."

"हो. पण हे माझं नव्हतं. हे मी वाचायला नको होतं. नेहमीसारखं याला जाऊ द्या."

"कुठे जाऊ द्या?"

"जिथून आलंय तिथे. हे परत मिळालं की तो दुसरं लिहिणार आहे. चांगल्या अक्षरात. हे मिळाल्याशिवाय तो ते लिहायचा नाही. माझं आहे ते दुसरं, हे नाही."

कारकुनाने मंगोकडे पाहिलं. मंगोने टोपी काढून हातात घेतली होती आणि तो तिच्या कडा फिरवत होता. "पर्डीबाई," तो म्हणाला, "चला, घरी सोडतो तुम्हाला." ती हलली नाही. तिला कळत होतं आपण काय बोलतोय ते. पूर्ण कळत होतं, आणि तरी हात जाळीतून पुढे झालेला होता, आणि या खेपेला तिने त्याला आवरलं नाही. पिशवीचं तोंड अजून उघडं होतं. रेघ असलेल्या पत्राला जिथे जायचं असतं तिथे ते गेलं तर पुढचं सगळं अजून व्हायचं होतं. तो भट्टीपाशी बसून हे जाळणार होता, मग हात धुऊन टेबलाशी जाणार होता, नवी लेखणी तासणार होता.

कारकुनाने नाक पुसलं. तो खडूस माणूस होता, पण आवाज त्याने शक्य तितका खाली आणला. "न फोडलेलं पत्र राजाचं असतं, बाई. ते मी कुठेही धाडतो. फोडलं की तुमचं. तुमच्याकडून परत घ्यायची सोय आमच्याकडे नाही." त्याने पत्र जाळीखालून तिच्याकडे सरकवलं आणि तो पिशवीचं तोंड बांधायला लागला.